सैन्य परत जातं, पिंपं मागे राहतात

परदेशातल्या लष्करी तळावर कुंपणाच्या कडेला एक जागा राखून ठेवलेली असते. खाली काँक्रीट किंवा जाड प्लास्टिकचा कागद, भोवती वाळूच्या पोत्यांचा बांध आणि आत ओळीनं उभी केलेली दोनशे लिटरची पिंपं. एकात गाड्यांचं काढलेलं ऑइल, दुसऱ्यात रेडिएटरमधलं कूलंट, तिसऱ्यात ब्रेक फ्लुइड. पलीकडे थिनर, रंगाचे डबे, बॅटऱ्यांचे खोके. प्रत्येक पिंपावर एक चिठ्ठी असते. आत काय आहे, कुठल्या तुकडीचं आहे, भरायला कधी सुरुवात केली, हे त्या चिठ्ठीवर लिहायचं असतं. नियम चांगला आहे. पण वाळवंटातल्या उन्हात शाई फार दिवस टिकत नाही. नऊ महिन्यांनी, वर्षानं तुकडी बदलते, चिठ्ठी पुसट होत जाते आणि एक दिवस ते पिंप अनोळखी होऊन बसतं. मग त्याला कोणी हात लावत नाही. नमुना काढून तपासल्याशिवाय ठेकेदार ते उचलत नाही, जहाजावर ते चढत नाही. महिन्यापूर्वी टाकाऊ ऑइल म्हणून त्याला गिऱ्हाईक मिळालं असतं. आता पैसे देऊनही कोणी न्यायला येत नाही.

पिंपात तेच आहे, थेंबभरही बदललेलं नाही. फक्त त्याची माहिती हरवली आहे.

लष्करी व्यवस्थेत जादा झालेला माल आणि घातक कचरा ही दोन वेगळी खाती असतात. मालाचं काम पुरवठा विभागाकडे, कचऱ्याचं पर्यावरण विभागाकडे. प्रत्यक्षात मात्र एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाणारी वाट फार छोटी आहे. मुदत संपलेलं निर्जंतुकीकरणाचं रसायन काल माल होतं, आज कचरा आहे. पाठीवरच्या रेडिओला लागणारी लिथियम-सल्फर डायऑक्साइडची बॅटरी घ्या. अर्धवट वापरलेली असेल तर तिच्यातलं लिथियम पाण्याशी पेट घेऊ शकतं. म्हणून अशा बॅटऱ्यांवर एक छोटी पट्टी किंवा कळ दिलेली असते. ती ओढली की उरलेला भार काही दिवसांत आपोआप उतरतो आणि बॅटरी पुष्कळच निरुपद्रवी होते. एका बोटाचं काम. पण ते करायचं कोणी आणि कधी, हे ठरलेलं नसेल तर त्याच बॅटऱ्या खोक्यानं एकत्र पडून राहतात, आणि आगीची भीती म्हणून शेवटी कुठेतरी पुरल्या जातात.

माझं म्हणणं या एका बोटाच्या कामाभोवतीच आहे. परदेशात गेलेल्या सैन्याचा माल आणि कचरा यांचं पुढे काय होणार, हे निघताना ठरवून चालत नाही. ते तळ उभारतानाच, यजमान देशाबरोबरच्या करारात लिहिलेलं हवं, आणि ते पाळलं जातंय की नाही हे बाहेरच्या माणसाला आत येऊन पाहता आलं पाहिजे. या दोनपैकी एक गोष्ट जिथे नव्हती तिथे माती, पाणी आणि माणसं यांनी किंमत मोजली आहे.

आधी मालाकडे पाहू, कारण तिथे चांगलं घडल्याचीही उदाहरणं आहेत. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेचे ट्रक, जीप, तंबू, रुळांचे तुकडे, औषधं अर्ध्या जगात पसरलेली होती. हे सगळं घरी न्यायचं तर जहाजभाडंच मालाच्या किमतीपेक्षा जास्त. विकायचं तर युद्धात होरपळलेल्या देशांकडे डॉलर नाहीत. १९४५ मध्ये सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांनी तोड काढली. माल त्या देशांच्या स्वतःच्या चलनात विकायचा आणि आलेल्या पैशातून विद्यार्थी-शिक्षकांची देवाणघेवाण चालवायची. १ ऑगस्ट १९४६ला अध्यक्ष ट्रुमन यांनी त्या कायद्यावर सही केली. आज जगभर ओळखली जाणारी फुलब्राइट शिष्यवृत्ती अशी लष्करी भंगारातून उभी राहिली. फिलिपिन्समध्ये लोकांनी मागे राहिलेल्या जीपगाड्या लांब करून, त्यावर छप्पर चढवून जीपनी बनवल्या, आणि त्या देशाची सार्वजनिक वाहतूक पुढच्या कित्येक पिढ्या त्यांवर चालली.

त्याच सुमाराला पॅसिफिकमधल्या एस्पिरितु सांतो बेटावर, आजच्या वानुआतूमध्ये, उलट घडलं. तिथे ब्रिटिश आणि फ्रेंच यांचं संयुक्त राज्य होतं. अमेरिकेनं यंत्रसामग्री स्वस्तात देऊ केली. थांबलो तर फुकटच मिळेल अशा हिशेबानं त्या प्रशासनानं ती घेतली नाही. शेवटी अमेरिकी सैन्यानं बुलडोझर, ट्रक, क्रेन, जीप असं सगळं किनाऱ्यावरून समुद्रात लोटून दिलं. लुगनव्हिलजवळची ती जागा आज मिलियन डॉलर पॉइंट म्हणून प्रसिद्ध आहे आणि पाणबुडे ती पाहायला जातात. मला त्या जागेचं कौतुक वाटत नाही. रस्ते मोजकेच असलेल्या बेटावर रस्ते बांधायची यंत्रं पाण्यात गेली, कारण ती कोणाच्या हवाली करायची हे निघायची वेळ येईपर्यंत ठरलेलं नव्हतं.

साठ-सत्तर वर्षांनी अफगाणिस्तानात हीच गोष्ट कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडली. देशाला समुद्रकिनारा नाही. पाकिस्तानातून जाणारा रस्ता नोव्हेंबर २०११ पासून जुलै २०१२ पर्यंत बंदच होता. मालाचा डोंगर साचला आणि निघायची तारीख जवळ येत गेली. २०१३ च्या मध्यापर्यंत अमेरिकी सैन्यानं १७ कोटी पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ७७ हजार टन वाहनं आणि सामान तोडून भंगारात काढलं होतं. त्यात सुरुंगांपासून वाचवणाऱ्या, प्रत्येकी सुमारे दहा लाख डॉलरच्या चिलखती गाड्याही होत्या. अफगाण हवाई दलासाठी घेतलेल्या २० जी-२२२ मालवाहू विमानांची कहाणी तर वाचवत नाही. कार्यक्रमावर ४८.६ कोटी डॉलर खर्च झाले. सुटे भाग मिळेनात, विमानं उडेनात. त्यातली १६ विमानं काबूलमध्ये तोडून पौंडाला ६ सेंट दरानं विकली गेली. हाती आले ३२ हजार डॉलर.

शस्त्रं आणि चिलखती गाड्या तोडण्यामागे खरं कारण आहे आणि ते मी नाकारत नाही. निकामी न करता मागे सोडलेली बंदूक कोणाच्या हातात जाईल हे कोणी सांगू शकत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल विमानतळ सोडताना अमेरिकी सैन्यानं ७३ विमानं आणि ७० चिलखती गाड्या निकामी केल्या, त्यात मला गैर काही दिसत नाही. प्रश्न तोडण्याच्या पद्धतीचा आणि वेळेचा आहे. गाडी कापायच्या आधी तिच्यातलं ऑइल, कूलंट, बॅटरी, वातानुकूलन यंत्रातला वायू काढून घ्यावा लागतो. हे काम नीट करायला जागा, माणसं आणि महिने लागतात. सहा महिन्यांत तळ रिकामा करायचा असा हुकूम आला की गाडी कापली जाते आणि तिच्या पोटातलं सगळं जमिनीत मुरतं.

आता कचरा. एका सैनिकामागे तळावर रोज काही किलो कचरा तयार होतो. प्लास्टिकच्या बाटल्या, जेवणाची पाकिटं, लाकूड, टायर, दवाखान्यातला कचरा, बॅटऱ्या, रंग. इराक आणि अफगाणिस्तानातल्या तळांवर यावरचा उपाय वर्षानुवर्षं एकच होता. मोठा खड्डा खणायचा, सगळं त्यात टाकायचं, वर विमानाचं इंधन ओतायचं आणि पेटवायचं. इराकमधल्या बलाद तळावरचा खड्डा सुमारे दहा एकरांचा होता आणि २००७ मध्ये तिथे दिवसाला १०० ते २०० टन कचरा जळत होता. धूर राहत्या तंबूंवरून जायचा. कचरा जाळायच्या भट्ट्या आल्यावर २००९ मध्ये तो खड्डा बंद झाला, म्हणजे तळ सुरू होऊन सहा वर्षं उलटल्यावर.

भट्टी आणली म्हणजे काम झालं असंही नाही. अफगाणिस्तानातल्या अमेरिकी खर्चाची तपासणी करणाऱ्या विशेष महानिरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात लिहिलंय की नऊ तळांवर २३ भट्ट्यांसाठी सुमारे ८.२ कोटी डॉलर खर्च झाले, आणि त्यातल्या आठ भट्ट्या, किमान दोन कोटी डॉलरच्या, कधी वापरल्याच गेल्या नाहीत. शेजारी खड्डे जळतच राहिले. भट्टी विकत घेतल्याचा कागद असतो. ती चालवायला इंधन, कामगार आणि राख टाकायची जागा कोण देणार, याचा कागद नसतो.

त्या धुराचं पुढे काय झालं ते अमेरिकी सैनिकांच्या फुप्फुसांत दिसलं. दम्यापासून कर्करोगापर्यंतचे आजार, वर्षानुवर्षांचे अर्ज, नाकारलेले दावे. अखेर १० ऑगस्ट २०२२ला तिथे पॅक्ट कायदा झाला आणि अनेक आजार सेवेमुळेच झाले असं गृहीत धरून उपचार आणि भरपाई देण्याची सोय झाली. हा कायदा मला मनापासून मोठा वाटतो. आजारी माणसाकडे पुरावा मागत बसायचं नाही, हे एका सरकारनं मान्य केलं. पण धूर कुंपणापाशी थांबत नव्हता. बलादच्या आसपास शेतं होती, गावं होती. तिथल्या बाईनंही तोच धूर घेतला, तिच्या मुलांनीही घेतला. त्यांच्यासाठी त्या कायद्यात एक ओळही नाही.

इथे कोणी म्हणेल, हा सगळा एका महासत्तेचा दोष आहे. तसं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये हैतीत कॉलरा पसरला. त्या देशात त्याआधीच्या शंभर वर्षांत कॉलऱ्याची साथ नोंदलेली नव्हती. मिरबालेजवळ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा एक तळ होता. त्याच्या शौचालयांचे पाइप कसेही जोडलेले होते, मैला ठेकेदाराच्या टँकरनं नेऊन उघड्या खड्ड्यात ओतला जात होता आणि पाऊस आला की खड्डा ओसंडेल अशी स्थिती होती. खाली ओढा, ओढ्यापुढे आर्तिबोनित नदी, नदीवर हजारो लोकांचं पिण्याचं पाणी. सुमारे दहा हजार माणसं मेली, आठ लाखांच्या आसपास आजारी पडली. पीडितांनी अमेरिकेच्या न्यायालयात दाद मागितली तर संयुक्त राष्ट्रांना असलेलं कायदेशीर संरक्षण आडवं आलं. सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली ती १ डिसेंबर २०१६ला, सहा वर्षांनी.

यातली सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की शांतिसेनेच्या तळांसाठी पर्यावरण धोरण २००९ मध्येच तयार झालं होतं, साथीच्या एक वर्ष आधी. सांडपाण्याचं काय करायचं हे त्यात होतं. म्हणजे नुसतं धोरण लिहून भागत नाही. ज्याच्या नदीत मैला जाणार आहे त्याला तळावर येऊन पाइप पाहायचा हक्क नव्हता. तळावर काय साठवलंय आणि काय बाहेर टाकलं जातंय हे गावाला कळायची सोय नव्हती.

रशियाचंही तेच. चेकोस्लोव्हाकियातून सोव्हिएत सैन्य १९९१ मध्ये परतलं तेव्हा राल्स्को, मिलोवित्से या तळांखालच्या भूजलावर विमानाचं केरोसीन तरंगत होतं आणि ते उपसायला पुढे कित्येक वर्षं गेली. जर्मनीत तर हिशेबच मिटवून टाकला गेला. सोव्हिएत सैन्यानं बांधलेल्या इमारतींची किंमत एका बाजूला, बिघडवलेल्या जमिनीची किंमत दुसऱ्या बाजूला. डिसेंबर १९९२ मध्ये जर्मनीचे चान्सलर कोल आणि रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी दोन्ही दावे सोडून दिले. राजकारण म्हणून ते शहाणपणाचं असेलही, सैन्य लवकर निघावं ही जर्मनीची गरज होती. पण जमीन साफ करायचा खर्च मग आपसूक जर्मन करदात्यावर आला. जर्मनीकडे तो पैसा होता. फिलिपिन्सकडे नव्हता.

फिलिपिन्समधला क्लार्क हवाई तळ आणि सुबिकचा नौदल तळ अमेरिकेनं १९९१ आणि १९९२ मध्ये सोडला. मूळ करार १९४७चा. जमीन पूर्वीसारखी करून द्यायचं बंधन त्यात अमेरिकेवर नव्हतं. त्याच सुमाराला पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानं हजारो कुटुंबं बेघर झाली आणि त्यांतल्या पुष्कळांना रिकाम्या झालेल्या क्लार्क तळावरच आसरा दिला गेला. गाड्यांची दुरुस्ती जिथे व्हायची त्या भागात लोक राहिले, तिथल्या विहिरींचं पाणी प्यायले, आणि मग आजारांच्या तक्रारी येऊ लागल्या. न्यायालयात गेले तर २००५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानं सांगितलं की प्रदूषित जागा साफ करायला लावणारा अमेरिकी कायदा देशाबाहेरच्या या तळांना लागू होत नाही. जपानबरोबरच्या १९६०च्या करारातही तळ परत करताना जमीन पूर्ववत करून देण्याची सक्ती नाही. ही कलमं चुकून राहिलेली नाहीत. सैन्याला यायची घाई असते, यजमानाला संरक्षण हवं असतं, आणि दोघांच्या घाईत मातीचा विषय कागदावर येतच नाही.

व्हिएतनामचं उदाहरण मला जास्त वेळ विचार करायला लावतं, कारण तिथे माल आणि कचरा यांच्यातली ती छोटी वाट स्पष्ट दिसते. एजंट ऑरेंज, म्हणजे झाडांची पानं गाळणारं अमेरिकी सैन्याचं रसायन, म्हटलं की विमानातून फवारलेली जंगलं डोळ्यांपुढे येतात. पण आज ज्या जागा सर्वांत विषारी म्हणून ओळखल्या जातात त्या जंगलातल्या नाहीत, तळांवरच्या आहेत. दा नांग, बिएन होआ. जिथे पिंपं उतरवली, रचून ठेवली, विमानांच्या टाक्यांत भरली आणि नंतर विमानं धुतली, तिथली माती. गळकं पिंप, सांडलेला घोट, धुतलेल्या पाण्याचा ओघळ, इतक्यानंच ते झालं. फवारणी थांबल्यावर उरलेली पिंपं अमेरिकेनं १९७२ मध्ये पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटावर हलवली आणि १९७७ मध्ये व्हल्कनस नावाच्या जहाजावर भर समुद्रात जाळून टाकली. म्हणजे पिंपांची नोंद होती, त्यांची जबाबदारी कोणाची हे ठरलेलं होतं, म्हणून ती गेली. त्या रसायनातल्या डायऑक्सिन या विषाची, मातीत मुरलेल्या, नोंद कुठल्याच वहीत नव्हती, म्हणून ते राहिलं.

दा नांगची माती तापवून शुद्ध करायचं काम सुरू झालं २०१२ मध्ये आणि संपलं २०१८ मध्ये. खर्चाचा मोठा भाग अमेरिकेनं उचलला, हे नोंदवायला हवं. बंद कक्षात मातीचा ढीग रचून ती तीनशे अंशांच्या वर तापवली, की डायऑक्सिन मोडून पडतं. तंत्र आहे, पैसा मिळाला, काम झालं. पण युद्ध संपलं होतं १९७५ मध्ये. मधल्या ३७ वर्षांत तळाशेजारच्या तळ्यांत लोकांनी मासे पकडले आणि खाल्ले. बिएन होआचं काम दा नांगपेक्षा कितीतरी मोठं आहे आणि ते २०१९ मध्ये सुरू झालंय.

आता ज्या जोडीमुळे मी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. दोन्ही जागा बर्फातल्या, काळ जवळपास एकच, देश एकच, आणि दोन्हीकडे छोटी, नेता येण्याजोगी अणुभट्टी.

पहिली ग्रीनलंडमधली. अमेरिकी सैन्यानं १९५९ मध्ये बर्फाच्या थरात बोगदे खणून कॅम्प सेंच्युरी वसवला. वीज आणि उष्णतेसाठी पीएम-२ए ही अणुभट्टी नेली. भट्टी काही वर्षांनी काढून नेली, पण १९६७ मध्ये तळ सोडला तेव्हा बाकीचं तिथेच ठेवलं. वरून बर्फ पडत राहील आणि सगळं कायमचं गाडलं जाईल असा विश्वास होता. २०१६ मध्ये संशोधकांनी अंदाज मांडला: सुमारे २ लाख लिटर डिझेल, सुमारे २.४ कोटी लिटर सांडपाणी, पीसीबी ही घातक रसायनं आणि भट्टीच्या थंडाव्याचं किरणोत्सारी पाणी. त्यांच्या अंदाजानं, हवामान असंच तापत राहिलं तर या शतकाच्या अखेरीला तिथे पडणाऱ्या बर्फापेक्षा वितळणारा बर्फ जास्त होऊ शकतो. हा कचरा कोणाचा? अमेरिकेचा, डेन्मार्कचा की ग्रीनलंडच्या स्वशासनाचा? १९५१च्या संरक्षण करारातून याचं सरळ उत्तर निघत नाही.

दुसरी अंटार्क्टिकातली. मॅकमर्डो तळावर अमेरिकी नौदलानं पीएम-३ए ही त्याच मालिकेतली अणुभट्टी १९६२ मध्ये सुरू केली. तिच्यात बिघाड होत राहिले आणि १९७२ मध्ये ती बंद केली. मग भट्टी तर काढलीच, शिवाय तिच्या आसपासची दूषित माती आणि दगडही खणून काढले आणि हजारो टन माल जहाजांवर चढवून अमेरिकेत नेला. त्या कामाला सत्तरच्या दशकाचा उरलेला सगळा काळ लागला.

मॅकमर्डोचे लोक जास्त सज्जन होते असं मी मानत नाही. फरक होता १९५९च्या अंटार्क्टिक कराराचा. त्याच्या पाचव्या कलमानं त्या खंडावर किरणोत्सारी कचरा टाकायला मनाई केली, आणि सातव्या कलमानं सदस्य देशांच्या निरीक्षकांना कुठल्याही तळावर, केव्हाही जाऊन पाहायचा हक्क दिला. म्हणजे मनाई आणि पाहणी, दोन्ही. ग्रीनलंडच्या बर्फाखाली पाहायला कोणी येणार नव्हतं. तिथे बर्फाखाली क्षेपणास्त्रं ठेवायच्या गुप्त योजनेची तर डेन्मार्कलाही कल्पना दिलेली नव्हती. पुढे १९९१च्या माद्रिद प्रोटोकॉलनं, म्हणजे याच कराराच्या पुरवणीनं, अंटार्क्टिकात साधा कचरासुद्धा ज्यानं केला त्यानं परत न्यायचा असा नियम घातला. पेंग्विनच्या वस्तीजवळ जे बंधन पाळता येतं ते माणसांच्या वस्तीजवळ का पाळता येऊ नये?

यावर एक खरी अडचण सांगितली जाते आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. घातक कचरा घरी न्यायचा म्हटलं तरी कायदे आडवे येतात. धोकादायक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवर १९८९चा बासेल करार आहे, त्यावर अमेरिकेनं सही केली पण तो मंजूर केलेला नाही. २००० मध्ये जपानमधल्या अमेरिकी तळांवरचा सुमारे शंभर टन पीसीबीयुक्त माल वान हे नावाच्या जहाजावर चढवला गेला. व्हँकुव्हरनं तो घेतला नाही. सिएटलनं उतरवू दिला नाही, कारण बाहेरून पीसीबी देशात आणायला अमेरिकी कायद्यानंच बंदी आहे. जहाज परत जपानला आलं, तिथे निदर्शनं झाली, शेवटी तो माल पॅसिफिकमधल्या वेक बेटावर नेऊन ठेवला. स्वतःच्या सैन्यानं वापरलेली वस्तू स्वतःच्या बंदरात घ्यायला त्या देशाचा कायदा तयार नव्हता.

पण ही अडचण माझ्या म्हणण्याच्या बाजूचीच आहे. पीसीबीचा ट्रान्सफॉर्मर तळावर बसवला त्या दिवशी तो कधीतरी काढावा लागणार हे माहीत होतं. त्याच दिवशी तो कुठे जाणार हे लिहिलं असतं तर जहाजाला महासागरभर हिंडावं लागलं नसतं. आणि इच्छा असली की वाट निघते. कुवेतमधल्या दोहा छावणीत १९९१च्या आगीनंतर युरेनियमनं दूषित झालेली वाळू होती. २००८ मध्ये अशी सुमारे ६,७०० टन वाळू जहाजानं आणि रेल्वेनं अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात नेऊन परवानाधारक जागेत ठेवली गेली.

दुसरा आक्षेप युद्धाचा. गोळ्या झाडल्या जात असताना पिंपांवरच्या चिठ्ठ्या कोण बघणार? पहिल्या काही आठवड्यांसाठी हे मला मान्य आहे. आघाडीवरच्या चौकीला भट्टी मागणारा माणूस मी नाही. पण बलादच्या तळावर सिनेमागृह होतं, पोहण्याचे तलाव होते, जगभरातून आणलेल्या खाण्याची दुकानं होती. जिथे पोहायचा तलाव बांधायला उसंत मिळते तिथे भट्टीलाही उसंत मिळाली पाहिजे. तळ किती दिवस राहिला की त्याला तात्पुरता म्हणायचं थांबायचं, याची मुदत कागदावर हवी. माझ्या मते नव्वद दिवस पुरेत.

तिसरं, आणि हे यजमान देशांना लागू आहे. मोफत मिळतंय म्हणून घ्यायची हाव घातक असते. तळ सोपवताना 'आहे त्या स्थितीत' असा शब्दप्रयोग करारात घातला जातो. त्यावर सही झाली की जनित्र, वातानुकूलन यंत्रं आणि फर्निचर यांच्याबरोबर गळक्या टाक्या, पुरलेला कचरा आणि ॲस्बेस्टॉसही यजमानाच्या नावावर होतात. सुट्या भागांशिवाय मिळालेलं जनित्र वर्षभरात भंगार होतं, त्यातलं ऑइल मात्र तसंच असतं. जी-२२२ विमानांनी हे महागात शिकवलंय. म्हणून वापरायला लागणारे सुटे भाग, प्रशिक्षण आणि आयुष्य संपल्यावर परत घ्यायची हमी यांच्याशिवाय दिलेली वस्तू देणगी मानूच नये.

करारात काय हवं, हे मग फार अवघड राहत नाही. तळासाठी जमीन घेतली त्याच आठवड्यात माती आणि भूजलाचे नमुने घ्यावेत, दोन्ही देशांच्या प्रयोगशाळांनी ते तपासावेत आणि निकाल दोघांकडे राहावा. नाहीतर वीस वर्षांनी भांडण होतं ते प्रदूषण आधीचं की नंतरचं यावर, आणि पुरावा कोणाकडेच नसतो. तळावर येणाऱ्या घातक मालाची यादी यजमानाच्या पर्यावरण खात्याला मिळावी. शस्त्रांची संख्या गुप्त ठेवा, थिनरच्या पिंपांची संख्या गुप्त ठेवायचं कारण नाही. साफसफाईचा पैसा तळ सुरू होतानाच वेगळ्या खात्यात जमा व्हावा, कारण युद्ध संपल्यावर कुठलीही संसद त्यासाठी उत्साहानं पैसे देत नाही. आणि वर्षातून एकदा, आधी न कळवता, यजमान देशाच्या किंवा तटस्थ निरीक्षकाला त्या वाळूच्या पोत्यांच्या बांधाआत जाऊन झाकणं उघडून पाहता यावं. सगळ्यांत जास्त विरोध याच मुद्द्याला होईल, आणि म्हणूनच मी त्यावर सगळ्यांत जास्त अडून बसेन.

निघायची वेळ आली की हे काही सुचत नाही, याचा ताजा दाखला मालीचा. जून २०२३ मध्ये माली सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला जायला सांगितलं आणि वर्ष संपायच्या आत ती निघालीही. उत्तरेकडच्या तेसालित, अगेलहोक, किदाल या तळांवर माल न्यायला आलेल्या ट्रकना वाट मिळाली नाही, भोवती लढाई पेटली आणि वाहनं, यंत्रं तिथेच निकामी करून सैनिकांना रस्त्याला लागावं लागलं. त्या तळांवरच्या पिंपांकडे पाहायला तेव्हा कोणाला सवड मिळाली असेल?

दक्षिण लेबनॉनमध्ये मात्र अजून थोडा वेळ आहे. तिथे १९७८ पासून असलेल्या शांतिसेनेची मुदत सुरक्षा परिषदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये शेवटची वाढवली. ती ३१ डिसेंबर २०२६ला संपते, आणि त्यानंतर वर्षभरात सैन्यानं परतायचं आहे. अनेक देशांच्या तुकड्या तिथे आहेत, भारताचीही आहे. जवळजवळ अर्धं शतक चाललेले तळ, त्यांची इंधनाची कोठारं, दुरुस्तीची आवारं, शोषखड्डे. त्या आवारांतल्या मातीचे नमुने या वर्षीच घ्यायला हवेत, सैनिक तिथे असताना, कुठलं पिंप कुठे ठेवलं होतं हे सांगणारी माणसं अजून तळावर असताना.